लिंक्स मैदानावरचे अवघड अठरावे होल कसे खेळावे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुद्रकाठच्या वाळूमिश्रित, उघड्या जमिनीवर वसलेल्या लिंक्स नावाच्या गोल्फ मैदानांवर अनेकदा सतरा होलचा, म्हणजे टप्प्यांचा, चांगला हिशेब शेवटच्या होलवर विस्कटतो. असे होल खेळताना पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. उदाहरणांसाठी मुख्यतः स्कॉटलंडमधील कार्नूस्टीचे अठरावे होल घेतले आहे, कारण इतकी संकटे एकाच वेळी समोर ठेवणारे दुसरे अखेरचे होल सापडणे कठीण आहे.

लिंक्सवरचे अखेरचे होल इतके अवघड का असते?

बहुतेक जुन्या लिंक्सवर अठरावे होल क्लबहाउसकडे परत येते. क्लबहाउसच्या आसपास रस्ता, कुंपण, वाहनतळ किंवा घरे असतात, आणि त्यामुळे मैदानाची हद्द ग्रीनच्या (होलच्या खळग्याभोवतीच्या आखूड गवताच्या) अगदी जवळ येऊन ठेपते. त्यातच जमीन कडक असल्याने चेंडू पडल्यावर थांबत नाही, झाडांचा आडोसा नसल्याने वारा अडत नाही आणि बंकर म्हणजे वाळूचे खड्डे खोल असतात. कार्नूस्टीला याच्या जोडीला बॅरी बर्न हा ओढा आहे. तो वळणे घेत टीच्या (पहिला फटका मारण्याच्या जागेच्या) पुढून आणि फेअरवेच्या (मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) उजव्या अंगाने जातो आणि शेवटी ग्रीनच्या तोंडाशी पुन्हा आडवा येतो. डावीकडे हद्द आहे. २००७ आणि २०१८ च्या ओपन या ब्रिटनमधील मोठ्या गोल्फ स्पर्धेत हे होल ४९९ यार्डांचे होते आणि पार (अपेक्षित फटक्यांची संख्या) मात्र ४ होता. म्हणजे उजवीकडे पाणी, डावीकडे हद्द, समोर पुन्हा पाणी आणि हे सारे दोन लांब फटक्यांत पार करण्याची अपेक्षा.

टीवर चेंडू ठेवण्यापूर्वी काय ठरवावे?

आपल्याला या होलवर किती फटके परवडतात, हे आधी ठरवावे. बहुसंख्य खेळाडू हा प्रश्न दुसऱ्या किंवा तिसऱ्या फटक्यानंतर स्वतःला विचारतात आणि तोवर उत्तर हातातून गेलेले असते. पारची गरज आहे, बोगी (पारपेक्षा एक फटका जास्त) चालणार आहे की डबल बोगीनेही (दोन जास्त) काम भागणार आहे, हे टीवर असतानाच स्पष्ट झाले, तर पुढचा प्रत्येक निर्णय बराच सोपा होतो.

त्यानंतर होल उलट्या दिशेने वाचावे. आज झेंडा कुठे लावला आहे, त्या झेंड्याकडे कोणत्या बाजूने येणे सोयीचे आहे, तेथे पोहोचण्यासाठी चेंडू फेअरवेच्या कोणत्या भागात हवा आणि त्यासाठी टीवर कोणता क्लब (काठी) हवा, असा हा क्रम आहे. टीवरून पुढे पाहत गेलो की ड्रायव्हर (सर्वांत लांब मारणारा क्लब) आपोआप हातात येतो. ग्रीनवरून मागे येत गेलो, तर पुष्कळदा लक्षात येते की ड्रायव्हरने मिळणाऱ्या जादा तीस यार्डांचा उपयोगच नव्हता.

ड्रायव्हर घ्यावा की नको?

याचे सरसकट उत्तर देता येत नाही, पण कसोटी सांगता येते. लिंक्सवर दोन अंतरे वेगवेगळी मोजावी लागतात : चेंडू हवेतून किती जातो आणि पडल्यावर किती घरंगळतो. ओढा ओलांडायचा असेल तेव्हा फक्त हवेतले अंतर विचारात घ्यावे. ओढ्याच्या किंवा बंकरच्या अलीकडे थांबायचे असेल तेव्हा मात्र दोन्हींची बेरीज करावी, आणि तीही आपल्या सर्वोत्तम फटक्याची. सरासरी फटका धरून निवडलेला क्लब नेमक्या चांगल्या फटक्यालाच संकटात पोहोचवतो.

१९८९ मध्ये रॉयल ट्रूनला ओपनचा निकाल चार होलच्या प्लेऑफवर (बरोबरीनंतरच्या निर्णायक खेळावर) गेला. शेवटच्या होलवर ग्रेग नॉर्मनने ड्रायव्हर मारला आणि आपल्या टप्प्याबाहेर वाटलेल्या उजवीकडच्या बंकरमध्ये चेंडू घरंगळत जाऊन पडला. तेथून तो दुसऱ्या बंकरमध्ये गेला आणि तेथून ग्रीनपलीकडे थेट हद्दीबाहेर. मार्क कॅल्कव्हेकियाने बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) करून स्पर्धा जिंकली. नॉर्मनचा टीवरचा फटका मुळीच वाईट नव्हता, ही या प्रसंगातली खरी शिकवण आहे. उन्हाने वाळलेल्या जमिनीवर तो केवळ जास्त लांब गेला.

मधल्या हँडिकॅपच्या (मध्यम कुवतीच्या) खेळाडूने, जमीन कडक आणि वारा पाठीमागे असेल, तर ड्रायव्हर पिशवीतच ठेवावा असे माझे स्पष्ट मत आहे. समोरून जोराचा वारा असेल आणि ओढा ओलांडण्यासाठी दुसरा क्लब पुरतच नसेल, तर गोष्ट वेगळी.

वाऱ्याचा हिशेब कसा करावा?

पहिली गोष्ट, आधीच्या होलवरचा वारा डोक्यातून काढून टाकावा. कार्नूस्टीचे सतरावे आणि अठरावे होल शेजारी शेजारी, जवळपास उलट दिशांनी जातात. त्यामुळे सतराव्यावर पाठराखण करणारा वारा अठराव्याला तोंडावर येतो, आणि वीस मिनिटांपूर्वी सहज पोहोचलेला आयर्नचा (धातूच्या पात्याच्या क्लबचा) फटका आता ओढ्यात पडतो.

समोरचा वारा जितके अंतर खातो तितके पाठीमागचा वारा देत नाही. ढोबळ अंदाज म्हणून समोरच्या वाऱ्यात ताशी दर मैलामागे सुमारे एक टक्का अंतर वाढवावे आणि पाठीमागच्या वाऱ्यात सुमारे अर्धा टक्काच कमी करावे. समोरच्या वाऱ्यात जोर लावून मारण्याचा मोह प्रबळ असतो, पण जोराने चेंडूची फिरकी वाढते, तो उंच उठतो आणि जागच्या जागी खाली येतो. एक किंवा दोन क्लब मोठे घ्यावेत, मूठ किंचित खाली धरावी आणि शांतपणे तीन चतुर्थांश झोक्यात मारावे.

आडव्या वाऱ्यात चेंडू वाऱ्यावर सोडून द्यावा की वाऱ्याविरुद्ध वळवून धरावा, यावर जाणत्यांतही मतभेद आहेत. सर्वसामान्य खेळाडूने वाऱ्यावर सोडणेच बरे, मात्र एका अटीवर : चेंडूची सुरुवातीची दिशा कधीही हद्दीबाहेरच्या जागेवरून असू नये. वारा ऐनवेळी पडला, तर चेंडूला परत आणणारे कोणी नसते.

ग्रीनसमोर ओढा असताना दुसऱ्या फटक्याचा निर्णय कसा घ्यावा?

या होलचा कस येथेच लागतो आणि १९९९ च्या ओपनचा शेवटचा अर्धा तास याहून चांगला पाठ देऊ शकत नाही. फ्रान्सचा झाँ व्हान द व्हेल्ड अठराव्या टीवर तीन फटक्यांची आघाडी घेऊन आला होता. सहा फटक्यांत, म्हणजे डबल बोगी करूनही तो विजेता ठरणार होता. त्याने ड्रायव्हर मारला आणि चेंडू भलताच उजवीकडे, सतराव्या होलच्या बाजूला गेला, पण दैव बलवत्तर म्हणून ओढ्यातून वाचला. त्याच्यावरची टीका बहुधा याच ड्रायव्हरपासून सुरू होते. मला मात्र तो फटका क्षम्य वाटतो, कारण चेंडू कोरड्या जमिनीवर होता आणि हातात अजून पाच फटके होते.

चूक पुढच्या निर्णयात होती. तेथून वेजने (आखूड, उंच फटक्याच्या क्लबने) चेंडू ओढ्याच्या अलीकडे फेअरवेवर ठेवायचा, तिसऱ्या फटक्यात ग्रीन गाठायचे आणि त्यानंतर तीन पट (ग्रीनवर चेंडू घरंगळवणारे फटके) लागले तरी सहा. त्याऐवजी त्याने २ आयर्न काढून ग्रीनचा वेध घेतला. चेंडू उजवीकडे प्रेक्षकांच्या स्टँडला लागला, उलटा फिरून ओढ्याच्या दगडी भिंतीवर आपटला आणि मागे दाट रफमध्ये येऊन पडला. त्या गवतातून मारलेला तिसरा फटका ओढ्यात गेला. बूट-मोजे काढून, पायघोळ वर दुमडून तो पाण्यात उतरला आणि तेथून खेळता येईल का ते पाहत राहिला. शेवटी त्याने दंड घेऊन ड्रॉप घेतला (चेंडू हातातून नव्या जागी सोडला), पाचवा फटका बंकरमध्ये गेला, सहावा बाहेर आला आणि सातव्याला त्याने पट घातला. तो सातवा फटका म्हणजे दडपणाखाली घातलेला उत्तम पट होता, हे सहसा कोणी सांगत नाही. प्लेऑफमध्ये जस्टिन लेनर्डही होता, आणि जिंकला पॉल लॉरी, जो शेवटच्या दिवशी सकाळी दहा फटके मागे होता.

यातून निघणारा नियम असा की चेंडूची जागा बिघडली की बेत लगेच बदलावा. दुसऱ्या फटक्याआधी दोन प्रश्न विचारावेत. या जागेवरून ओढा ओलांडणारा फटका दहापैकी किमान आठ वेळा जमेल का? आणि फसला तर किती फटके जातील? पहिल्याचे उत्तर मनापासून होकारार्थी नसेल, तर दुसऱ्याकडे जाण्याचेही कारण उरत नाही.

ओढ्याच्या अलीकडे नेमके किती अंतरावर थांबावे?

ओढ्याला चिकटून थांबू नये. बरेच खेळाडू सावधगिरीचा निर्णय घेतात आणि मग जितके पुढे जाता येईल तितके जाण्याच्या नादात घरंगळत पाण्यात जातात. ज्या अंतरावरून आपण वेजचा पूर्ण फटका भरवशाने मारतो, तेवढे अंतर झेंड्यापासून मागे मोजावे आणि तेथे चेंडू ठेवावा. कडक जमिनीवरून ३० यार्डांचा अर्धवट फटका पाण्यावरून मारणे हे ९० यार्डांच्या पूर्ण फटक्यापेक्षा पुष्कळ अवघड असते.

सावध खेळून जिंकल्याचे उदाहरण आहे का?

आहे, आणि तेही याच होलवरचे. २००७ मध्ये पॅड्रिग हॅरिंग्टन चौथ्या फेरीत अठराव्याला आला आणि त्याने एकाच होलवर दोनदा चेंडू बॅरी बर्नमध्ये घातला : टीवरचा फटका आणि दंड घेतल्यानंतर ग्रीनकडे मारलेला फटका. तरीही ओढ्याअलीकडून पिच (जवळून उंच फटका) करून त्याने एका पटमध्ये होल संपवले आणि डबल बोगीवर भागवले. मागून येणाऱ्या सर्जिओ गार्सियाला जिंकण्यासाठी पार हवा होता, पण त्याचा दुसरा फटका बंकरमध्ये गेला आणि पारचा पट काठाला लागून बाहेर आला. चार होलच्या प्लेऑफमध्ये हॅरिंग्टन पुन्हा त्याच टीवर दोन फटक्यांच्या आघाडीने उभा राहिला. या वेळी धोका टाळून त्याने बोगी केली आणि एका फटक्याने ओपन जिंकली. तोच खेळाडू, तेच होल, तीच संध्याकाळ, पण दुसऱ्या खेपेला त्याने किती फटके परवडतात याचा हिशेब पाळला.

ग्रीनवर चेंडू कुठे उतरवावा?

सामान्यपणे लिंक्सवर चेंडू ग्रीनच्या अलीकडे टेकवून धावत आत नेतात. ग्रीनच्या तोंडाशी ओढा असेल तर ही सोय जाते. चेंडू हवेतून आत न्यावा लागतो, आणि मग तो मागे निघून जाण्याची भीती असते. अशा वेळी लांब जाण्याची चूक पत्करावी. मागच्या काठावरून चिप (छोटा, ठेंगणा फटका) करून दोन पट घेणे हे पाण्यातून ड्रॉप घेण्यापेक्षा नेहमीच स्वस्त असते, अर्थात हद्द ग्रीनला अगदी खेटून नसेल तर.

समोर पाणी नसलेल्या होलवर मात्र नेमके उलटे. २००९ मध्ये टर्नबेरीला ५९ वर्षांचा टॉम वॉटसन ओपन जिंकण्यापासून एका पारच्या अंतरावर होता. अठराव्याला त्याने ८ आयर्नचा सुरेख फटका मारला, चेंडू ग्रीनवर टेकला, उसळला आणि मागच्या काठापलीकडे गेला. तेथून त्याला तीन फटके लागले आणि प्लेऑफमध्ये स्ट्युअर्ट सिंकने बाजी मारली. त्याच होलवर १९७७ मध्ये वॉटसनने ७ आयर्नने चेंडू झेंड्याजवळ ठेवून जॅक निक्लॉसला हरवले होते. लिंक्सवर उत्तम फटक्याचेही फळ पहिल्या टप्प्यावर अवलंबून असते. म्हणून पाठीमागून वारा असताना चेंडू आत धावू शकत असेल, तर क्लब एकाने कमी घ्यावा.

खोल बंकरमध्ये चेंडू पडल्यास काय करावे?

बाहेर पडावे, एवढेच. या बंकरांची पुढची भिंत गवताच्या थरांवर थर रचून जवळजवळ उभी बांधलेली असते. चेंडू भिंतीपासून हातभर अंतरावर असेल, तर सँड वेजनेही तो पुढे निघत नाही, तो भिंतीला लागून पुन्हा पायाशी येतो. आजूबाजूला किंवा मागे मारणे यात कमीपणा नाही. २०१२ मध्ये रॉयल लिथम अँड सेंट अ‍ॅन्सला अ‍ॅडम स्कॉटचा टीवरचा फटका शेवटच्या होलवर अशाच बंकरमध्ये गेला, त्याला चेंडू फेअरवेवर काढण्यात एक फटका घालवावा लागला आणि एर्नी एल्स एका फटक्याने विजेता ठरला.

चेंडू अगदीच अडकला, तर तो खेळण्यायोग्य नाही असे जाहीर करता येते. एक फटका दंड घेऊन बंकरमध्येच ड्रॉप घेता येतो किंवा शेवटचा फटका मारला त्या जागी परत जाता येते. २०१९ च्या नियमांपासून दोन फटके दंड घेऊन बंकरबाहेर, होल आणि चेंडूच्या सरळ रेषेत मागे ड्रॉप घेण्याचीही मुभा आहे. दोन फटके ऐकायला महाग वाटतात, पण आत तीनदा खणत बसण्यापेक्षा ते परवडतात.

चेंडू ओढ्यात गेला तर कोणते पर्याय असतात?

ओढ्याकाठच्या खुणा पिवळ्या असतील तर एक फटका दंड घेऊन दोन पर्याय मिळतात : आधीचा फटका मारला तेथे परत जाणे, किंवा होल आणि चेंडूने पेनल्टी एरियाची (खुणांनी आखलेल्या पाण्याच्या भागाची) कड शेवटची ओलांडली तो बिंदू यांच्या सरळ रेषेत मागे हवे तितके जाऊन ड्रॉप घेणे. खुणा लाल असतील तर कड ओलांडली त्या बिंदूपासून दोन क्लबलांबीच्या आत, होलच्या जवळ न जाता, ड्रॉप घेण्याचा तिसरा पर्याय असतो. ड्रॉप गुडघ्याच्या उंचीवरून घ्यायचा असतो.

येथे नेहमी होणारा एक घोटाळा सांगायला हवा. चेंडू ओढा पूर्ण ओलांडून ग्रीनच्या बाजूच्या उतारावर पडतो आणि मागे घसरून पाण्यात जातो. त्याने कड शेवटची पलीकडच्या बाजूने ओलांडलेली असल्याने आपल्याला तिथेच ड्रॉप मिळेल, असे खेळाडूला वाटते. पिवळ्या खुणा असतील तर तसे होत नाही. होलपासून सरळ रेषेत मागे जाताना ओढा मध्ये येतो आणि ड्रॉप अलीकडच्या काठावर घ्यावा लागतो. म्हणून खुणांचा रंग टीवरून निघण्यापूर्वीच पाहून ठेवावा.

पाणी उथळ असेल तर दंडाशिवाय आतून खेळता येते आणि आता क्लब टेकवण्यासही हरकत नाही. तथापि अर्धा चेंडू पाण्यावर दिसत नसेल, तर हा विचार सोडून द्यावा.

चेंडू हद्दीबाहेर गेल्याची शंका असेल तर?

पुढे चालत जाण्याआधी प्रोव्हिजनल (तात्पुरता, पर्यायी) चेंडू खेळावा आणि तो प्रोव्हिजनल आहे हे सहखेळाडूंना स्पष्ट शब्दांत सांगावे. न सांगता मारलेला दुसरा चेंडू हाच खेळातला चेंडू ठरतो, मग पहिला फेअरवेच्या मधोमध सापडला तरी उपयोग नाही. शोधासाठी तीन मिनिटे मिळतात. काही क्लबांनी नेहमीच्या खेळासाठी एक स्थानिक नियम स्वीकारलेला असतो, ज्यात दोन फटके दंड घेऊन पुढेच ड्रॉप घेता येतो. तो लागू आहे की नाही, हे स्कोअरकार्डाच्या मागे छापलेले असते.

ग्रीनच्या काठावरून वेज बरा की पटर?

कडक, आखूड गवतावर पटर (पट मारण्याचा क्लब). वेजचा वाईट फटका एक तर दोन हातांवर थांबतो किंवा ग्रीनपलीकडे जातो, पटरचा वाईट फटका मात्र बहुधा ग्रीनवरच राहतो. सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर अठराव्या ग्रीनसमोर ‘व्हॅली ऑफ सिन’ नावाचा खोलगट भाग आहे. १९९५ मध्ये कॉन्स्टान्टिनो रोकाने तेथे आधी चिपचा फटका घालवला आणि मग त्याच खळग्यातून पटरने लांबलचक पट थेट होलमध्ये घालून प्लेऑफ गाठला. तो प्लेऑफ जॉन डेलीने जिंकला, हा भाग निराळा.

चढ असेल तर अंतराचा अंदाज बहुतेकांचा कमी पडतो, त्यामुळे झेंड्याच्या पुढे एखादे लक्ष्य धरावे.

शेवटचा छोटा पट चुकू नये म्हणून काय करावे?

नेहमी जितका वेळ घेतो तितकाच घ्यावा. १९७० मध्ये सेंट अँड्र्यूजला डग सँडर्सकडे ओपन जिंकण्यासाठी जेमतेम तीन फुटांचा पट होता. मारण्याआधी तो मध्येच वाकला आणि रेषेवरचे काहीतरी उचलायला गेला, पुन्हा उभा राहिला पण पहिल्यापासून सुरुवात न करता मारून मोकळा झाला. पट चुकला आणि दुसऱ्या दिवशीच्या १८ होलच्या प्लेऑफमध्ये निक्लॉस जिंकला. मांडणी मोडली तर मागे सरकून ती पहिल्यापासून करावी.

मॅच प्ले किंवा स्टेबलफोर्ड असेल तर डावपेच बदलतात का?

मॅच प्लेमध्ये (जिथे होलागणिक हार-जीत ठरते) पूर्णपणे बदलतात. प्रतिस्पर्धी पाण्यात गेला, तर आपले काम केवळ कोरडे राहण्याचे. आपण एकाने मागे असू, तर होल जिंकल्याशिवाय गत्यंतर नाही आणि एरवी अविचारी ठरणारा फटकाही तेथे योग्य ठरतो. स्टेबलफोर्डमध्ये (जिथे होलागणिक गुण मिळतात) एका होलवर शून्यापेक्षा वाईट काही होत नाही, त्यामुळे थोडे अधिक धाडस चालते. स्ट्रोक प्लेमध्ये मात्र प्रत्येक फटका मोजला जातो, आणि वर सांगितलेली सारी सावधगिरी मुख्यतः त्यासाठी आहे.

होल संपल्यावर काही राहते का?

कार्ड तपासणे राहते. अठराव्या होलवरच्या धांदलीत ड्रॉपचा दंड मोजायचा राहून जातो आणि प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा लिहिला जातो. सही करून दिलेल्या कार्डावर एखाद्या होलचा आकडा कमी असेल तर खेळाडू सहसा बाद होतो, जास्त असेल तर तोच कायम राहतो. १९६७ चा ओपन विजेता रोबर्तो दे व्हिसेन्झो याने १९६८ च्या मास्टर्स स्पर्धेत सतराव्या होलवर तीनऐवजी चार लिहिलेल्या कार्डावर सही केली आणि त्या एका फटक्याने त्याचा प्लेऑफ हुकला. बेरजेची जबाबदारी स्पर्धा समितीची असते, होलनिहाय आकड्यांची खेळाडूची. म्हणून अठराव्या होलवरचे फटके टीपासून क्रमाने, दंडासह, आपल्या मार्करसमोर (आपले फटके नोंदवणाऱ्यासमोर) मोठ्याने मोजावेत आणि मगच सही करावी.